पाळण्याला तुझा विरोध नव्हता

डोंगर चढताना तुम्हाला कधी स्वतःचे पाय आठवले आहेत का? देवाला म्हणून, फिरायला म्हणून, नाहीतर पोरांच्या हट्टापायी तुम्ही गावाबाहेरच्या डोंगरावर गेला असाल. दम लागला असेल, पाणी आठवलं असेल. पण पाय? मला कधी आठवले नाहीत. ज्याला रोज आठवायचे तो माझा मित्र गेल्या आठवड्यात गेला, आणि त्याच्याविषयी या गावात एक खोटी गोष्ट खरी म्हणून फिरते आहे. ती मीच छापली होती. ती कशी छापली गेली हे मी त्यालाच सांगणार आहे. तुम्ही ऐका.

मन्मथ, मेलेला माणूस ऐकतो असं मी मानत नाही. तू मानायचास. तेव्हा आज तुझ्या मताने चालतो.

काल तुझी शोकसभा झाली. वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. कर्णा दुसऱ्याचा आणावा लागला आणि तो पहिल्या वाक्यापासून शिट्ट्या मारत होता. तू असतास तर एक वायर दाबून त्याला गप्प केला असतास. भाऊ अध्यक्ष होते. आपल्या सगळ्यांना ज्यांनी बोलायला शिकवलं ते भाऊ. त्यांनी खिशातून ते हिरवं पत्रक काढलं, उलगडलं, वर धरलं.

"मित्रहो," ते म्हणाले, "हा पोरगा एका पायानं अधू. डोंगरावर त्यो तारेवरचा पाळणा झाला असता तर पहिला फायदा कुणाला? ह्यालाच. तरी त्यानं स्वतःचं पाहिलं न्हाई. पाळण्याच्या विरोधात हे त्याचं नाव बघा! ह्याला म्हणतात तत्त्व!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. पुढच्या ओळीत तुझी माय बसली होती. तिने मागे वळून सरळ माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने माझं नाव पुकारलं गेलं, आणि ज्याला सभेत खाली बसवायला चिठ्ठ्या पाठवाव्या लागतात तो मी, "आज बोलवत न्हाई" म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखाने. दुःख होतंच. पण तोंड बंद झालं ते भीतीने.

दारात माय भेटली. चप्पल शोधत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "त्यानं कवा सही केलती रे?"

"केली न्हवती, माय."

"मंग उठून सांगायचं व्हतं."

एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली. म्हणून मी आज लिहितोय. उठून सांगायचं होतं ते बसून लिहितोय, यातच काय ते आलं.

मला तुझा रागही येतो, मन्मथ. तो कुठे घेऊन जाऊ? तू भांडत का नव्हतास? आवाज वाढवायचं बटण तर तुझ्याच हातात असायचं.

बसस्टँडमागे तुझं ते टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तुमच्या घरात पिढ्यानपिढ्या किराणा, आणि तुझे वडील आल्यागेल्याला सांगायचे, "वाण्याचं लेकरू हाय, तराजू सोडून पेचकस धरून बसलंय." त्या वर्षांत गावात रंगीत टीव्ही आले, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या आल्या, परदेशी थंड पेयांच्या पाट्या पानटपऱ्यांवर चढल्या. मी या सगळ्याविरुद्ध पत्रकं काढायचो, आणि ती पत्रकं तुझ्या दुकानात, उघड्या पडलेल्या रंगीत टीव्हीवर ठेवून आपण मोजायचो. माझा जन्मच पत्रकांच्या घरातला. बाराखडी मी पाटीवर शिकलो नाही, वडिलांच्या 'कामगार बंधूंनो' खाली बोट धरून शिकलो. तुला त्याचं फार हसू यायचं. "तुला आईनं जेवाय बोलावलं तरी तू 'या अन्यायाचा निषेध' म्हणत येत आसशील," असं म्हणायचास.

आणि अँटेना. छपरावर चढणं तुला जमायचं नाही, म्हणून मी चढायचो. खाली अंगणात कुबडीवर रेलून तू ओरडायचास, "डावीकडं! आजून! आबे, तुझं डावं न्हाई, माझं डावं! डावा म्हणून मिरवतोस अन् डावीकडं वळता येईना व्हय?" घरातल्या बायका हसायच्या. चित्र आलं की तू हात वर करायचास आणि मी तसाच उन्हात तापलेल्या पत्र्यावर, तुझा हात खाली येईपर्यंत, पाइप धरून उभा. किती छपरं चढलो मी तुझ्यासाठी! त्यावरून मला वाटायला लागलं की तुला पाय हवेत तेव्हा मी आहेच. ही माझी पहिली चूक. तेव्हा ती दिसली नाही.

आपल्या प्रत्येक सभेला कर्णा तुझा, अँप्लिफायर तुझा. मी भाषणाच्या भरात काहीतरी फुगवून सांगायला लागलो की माझा आवाज हळूच बारीक व्हायचा. मी वळून बघायचो, तू निरागस तोंड करून बटणाशी. सभा संपल्यावर म्हणायचास, "तू थापा माराय लागलास की मशीन तापतं बे, मी काय करू." तसा माणूस मला परत भेटणार नाही. माझ्या खोटेपणावर इतक्या मायेने पहारा कुणी दिला नाही.

त्या डोंगरी शहराचं आता लिहितो. उत्तरेकडे युवकांचं शिबिर होतं, मी बोलायला निघालो होतो आणि तू, "मी नुसतं बघाय येतो," म्हणून मागे लागलास. दोन दिवस रेल्वेत. शिबिर संपलं त्या दुपारी बाजारातून फिरताना तुला ती तार दिसली. बाजारातून निघून थेट डोंगराच्या माथ्याला गेलेली, आणि तिच्यावरून सरकणाऱ्या दोन लाल डब्या. एक वर जाताना दुसरी खाली यायची. रोपवे हा शब्द मी तुला सांगितला. तू म्हणालास, "पाळणा म्हण की. जत्रंतला गोल फिरतो, ह्यो सरळ जातो."

"चल बे, वर जाऊ."

"असल्या चैनीला माझा विरोध हाय."

"तिकीट मी काढतो."

"तिकिटाचा न्हाई, तत्त्वाचा प्रश्न हाय."

"मंग तत्त्वाला बसव हितं बाकड्यावर, चपला राखंल. तू चल."

मी तरीही आलो नसतो. पण फाटकावरच्या माणसाने तुझी कुबडी पाहिली आणि एकट्याला सोडत नाही, सोबत पाहिजे, असं सांगितलं. तुझा चेहरा बघितला आणि आलो. उपकार केल्यासारखा आलो, हेही लिहून ठेवतो.

आत सहा माणसं, गुडघ्याला गुडघा. त्या माणसाने बाहेरून कडी लावली, घंटा वाजवली, आणि पायाखालची जमीन निघून गेली. आधी पत्र्याची छपरं, मग देवदारांचे शेंडे, मग नुसती दरी. खांबापाशी चाकं खडखडली आणि डबी अशी हेलकावली की समोरच्या बाईने देवाचं नाव घेतलं. तू मात्र कुबडी गुडघ्यांत धरून कान वर लावला होतास. "मोटर वर हाय," म्हणालास, "खाली नुसतं वजन हाय. वरून वढून घेतंय आपल्याला." मी दरीकडे पाठ करून बसलो होतो. पूर्वी या वाटेवर लोकांना खुर्चीतून वाहून नेणारे हमाल असतील, त्यांच्या पोटाचं काय झालं असेल, असं काहीतरी मी तुला सांगत होतो.

"माझ्याकडं बघून काय बोलतोस? माघं बघ की!"

मी बघितलं नाही. आपली बाजू सोडल्यासारखं झालं असतं.

वर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. कठड्याशी भाजलेली कणसं, भाड्याने दुर्बीण, पहाडी झगे घालून फोटो काढून घेणारी जोडपी. मग खाली एक दिवा लागला. मग दहा. मग सगळा उतार आणि त्याच्या पलीकडचं मैदानातलं मोठं शहर, कुणी हळूहळू बटणं दाबत चालल्यासारखं उजळत गेलं. लोक 'वा वा' करत होते. तू दिवे वाचायला लागलास. ही पिवळी गल्ली जुनी, बल्बांची. ती पांढरी नवी, सगळ्या ट्यूबा. ती सरकणारी बस, घाट उतरतीय. मधला काळा तुकडा मैदान असंल, नाहीतर कब्रस्तान. "अन् ती बघ, ती! धडपडतीय ती ट्यूब. चोक गेलाय तिचा. त्या घरातली बाई रोज नवऱ्याला म्हणत आसंल, बदला म्हणून."

मी म्हणालो, ही वीज कुणाच्या जमिनी बुडवून येते ते माहीत आहे का तुला?

तू मान हलवलीस. मग कठड्यावर हनुवटी टेकवलीस. आणि विचारलंस, "आपलं बीड आसं दिसंल का बे?"

"आपल्याकडं भारनियमन. वर चढून अंधार बघशील."

तू हसलास. "अंधार तर अंधार. कुठं कुठं हाय त्यो तरी कळंल."

मी तेव्हा या वाक्याला टाळी द्यायला हवी होती. मी घड्याळ बघितलं.

परतताना मांजरसुंब्याला बस धाब्यावर थांबली. सकाळची वेळ, ट्रकवाले बादलीने तोंडं धूत होते. चहा पिताना तू आपल्या गावाबाहेरच्या डोंगराकडे बोट दाखवावं तसं हवेत बोट केलंस आणि सांगितलंस की लहानपणी वडील तुला खांद्यावर बसवून वरच्या देवळात न्यायचे. तू नऊ वर्षांचा झालास, जड झालास, आणि ते बंद झालं. तेव्हापासून तू वर गेलेला नाहीस. गावातल्या प्रत्येक घरातला टीव्ही तुला ठाऊक, कुणाची पिक्चर ट्यूब गेली, कुणाचा रंग हिरवा मारतो. पण गाव एकदाही सबंध पाहिलेलं नाही.

"त्यात काय," मी म्हणालो, "मी पाठीवर नेतो तुला. उद्याच जाऊ."

तू बशीतला चहा संपवलास. "नेशील रं. तू लई चांगला हायस. पण मंग वर कवा जायचं, किती येळ थांबायचं, खाली कवा यायचं, ते तू ठरवणार. तुला सभा आसली की माझं बघणं संपलं. पाळण्यात मी तिकीट काढतो अन् बसतो. कुणाचा दम लागत न्हाई, कुणाला 'झालं का?' म्हणावं वाटत न्हाई."

उत्तर नसलं की मी विषय बदलतो, हे तुला माहीत होतं. मी विषय बदलला.

पुढच्या उन्हाळ्यात एका पुढाऱ्याने भर सभेत जाहीर केलं की आपल्या डोंगरावर रोपवे होणार, खाली बाग, वर हॉटेल, रात्रीच्या रोषणाईत गाव सिंगापूरसारखं दिसणार. नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. बायका घागरी घेऊन रांगेत, आणि हा सिंगापूर सांगतोय. माझं डोकं फिरलं. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. वर मथळा, 'पाणी पाहिजे, पाळणा नको!' आत लिहिलं की हा पाळणा म्हणजे रिकामटेकड्यांची मौज आहे, त्याची गरज या गावात एकाही माणसाला नाही.

एकाही माणसाला नाही. हे मी लिहिलं, मन्मथ. मांजरसुंब्याचा चहा पिऊन आलेल्या हाताने लिहिलं, आणि लिहिताना तू मला आठवलासही नाहीस. खोटं बोललो असतो तर निदान खोटं बोललो हे कळलं असतं.

छापखान्यात आपल्या पत्रकांखालची सात नावं जुळवून, सुतळीने बांधून, वेगळी ठेवलेली असायची. दर वेळी अक्षरांचे खिळे नव्याने कोण जुळवणार? मजकूर बदलायचा, नावांचा गठ्ठा तोच उचलून खाली बसवायचा. कंपोझिटर काकांनी नेहमीसारखं विचारलं, "नावं तीच ना?"

मी म्हणालो, "तीच."

इतकंच घडलं. यापेक्षा मोठं कपट असतं तर मला झोप तरी लागली असती. एका शब्दात तू तुझ्या आयुष्यातल्या एकमेव इच्छेच्या विरोधात गेलास. वडवणीच्या बाजारात, उमापूरच्या पारावर, बसस्टँडवर, सगळीकडे ते हिरवं पत्रक वाटलं गेलं. लोक तुझ्या दुकानात येऊन तुझी पाठ थोपटून गेले. कुणाकुणाला सांगणार होतास?

त्या संध्याकाळी तू माझ्या खोलीवर आलास. माडीवरची खोली, अरुंद जिना. एरवी तू रस्त्यातूनच हाक मारायचास. त्या दिवशी पायरीवर कुबडीचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, दुसराच कुणी आहे.

"माझं नाव कावून टाकलंस बे?"

"नेहमीच टाकतो की."

"नेहमी टाकतोस म्हणून ह्याच्यात बी टाकायचं?"

"तुझं नाव वगळलं असतं तर लोक म्हणले असते, ह्यांच्यात फूट पडली."

"पडलीच हाय. छाप की तसं."

मी चिडलो. म्हणालो, बायाबापड्या पाण्यासाठी रांगेत आणि तुला दिवे बघायचेत? तू जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतास. मी तुला बस म्हणालो नव्हतो. "पाणी पायजेच," तू म्हणालास. "मी कुठं न्हाई म्हणतो? माझी माय बी त्याच रांगंत हाय. पण 'नको' कोण म्हणलं? मी म्हणलो का? उद्या पाणी आलं, तरी तुझ्या पत्रकात माझ्यासाठी 'नको'च हाय."

आणि मग तू मागितलंस. एवढ्या वर्षांत माझ्याकडे एवढीच एक गोष्ट मागितलीस. "पुढच्या पत्रकात माझं नाव काढ. अन् कावून काढलं ते बी लिही. एक ओळ. बस."

मी म्हणालो, "बघू."

सरकारी कचेऱ्यांत हा शब्द ऐकला की मी टेबलावर मुठी आपटतो. तुला तो किती सहज दिला. पुढचं पत्रक निघालं, रॉकेलचं. त्याच्या पुढचं निघालं, जागतिक व्यापाराच्या गॅट कराराचं. दोन्हींखाली सुतळीतली तीच सात नावं. तुझी ओळ लिहायला बसायचो आणि वाटायचं, आत्ता नको, आत्ता सगळे आपल्याकडे बघतायत, लढा मोडेल. तू परत एकदाही विचारलं नाहीस. सभांना कर्णा लावत राहिलास. माझा आवाजही मग कधी बारीक केला नाहीस. मी काहीही बोललो तरी पूर्ण आवाजात जाऊ द्यायचास. ते मला कळायला हवं होतं.

आणि पाळण्याचं काय झालं? काही नाही. पुढाऱ्याने 'जनभावनेचा आदर' म्हणून विषय सोडला, आणि त्या आदराबरोबर पाण्याचंही विसरला. आज नळाला पाणी नाही आणि डोंगराला पाळणा नाही. आपण दोघेही हरलो. मी मात्र जिंकल्याची सभा घेतली होती. तिचा कर्णाही तुझाच.

कावीळ अंगावर काढलीस. मी आलो तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे. मी ठरवून आलो होतो, ती ओळ लिहितो म्हणून सांगायचं. तू विचारलंस, "अँप्लिफायर कुणाकडं ठेवलाय? ओलीत ठेवू नका." मी म्हणालो, कोरड्यात आहे. झोपलास. उद्या सांगू म्हटलं.

तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तुला बसवून नेलं. जंगमस्वामींनी मांडी घालायला सांगितलं आणि तुझा डावा पाय वळेना. चौघांनी मिळून वळवला. मग तुला उचललं. खांदा माझाही होता. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, सगळं आम्हीच ठरवलं. तू जन्मभर ज्याला नको म्हणालास ते अखेर आम्ही केलंच, आणि वाटेत एकाने दुसऱ्याला विचारलं, दम लागला का, बदली देऊ का? मी तो प्रश्न ऐकला आणि मला वाटलं, आता खाली ठेवावं आणि पळून जावं.

आज सकाळी छापखान्यात गेलो. काकांना म्हणालो, तो गठ्ठा सोडा, मन्मथचं नाव काढा. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "गेला म्हणून का?"

"न्हाई," मी म्हणालो. "त्यानं सांगितलं व्हतं म्हणून."

त्यांनी सुतळी सोडली. एक एक खिळा चिमट्याने उचलून त्याच्या त्याच्या खणात टाकला.

मन्मथ, पाण्याचं मी अजूनही तेच म्हणतो. पाणी आधी. तू असतास तर आपण यावर अजून दहा वर्षं भांडलो असतो आणि मला ते भांडण हवं होतं. समोर तुझ्यासारखा माणूस उभा असताना मी त्याला माझ्याच बाजूला छापून टाकलं आणि एकटाच वाद जिंकत बसलो. आता भाऊ तुझं 'तत्त्व' सांगत गावोगाव फिरतील. पुढाऱ्याने उद्या पुन्हा पाळणा काढला, तर तुझंच नाव दाखवून सांगतील की ज्याचा पाय अधू होता त्यालाही नको होता. आणि गावात अजून कुणी असेल, जो खालून रोज त्या डोंगराकडे बघत असेल, तो हे ऐकून गप्प बसेल. हे मला होऊ द्यायचं नाही. म्हणून तुझी ती एक ओळ, उशिरा, इथे लिहितो: मन्मथला पाणीही हवं होतं आणि पाळणाही हवा होता, आणि त्याचं नाव आम्ही त्याला न विचारता छापलं.

वाचकहो, आता तुमच्याकडे मागणं आहे. ते हिरवं पत्रक तुमच्याही घरी आलं असेल. फडताळात असेल, पोराच्या वहीला कव्हर घातलं असेल, डब्याच्या तळाशी अंथरलं असेल. शोधा. मजकूर वाचायचा तर वाचा, पटला तर पटू द्या. मग शेवटी या. सात नावं आहेत. खालून तिसरं मन्मथचं. पेन घ्या आणि ते नाव खोडा, नीट, वाचता येणार नाही असं. शेजाऱ्याकडे असेल तर त्यालाही खोडायला सांगा आणि का ते सांगा.

सगळ्यात वरचं नाव माझं आहे. ते तसंच राहू द्या.